नाली, चेंबर आणि गाळखड्डा

मराठवाड्यातील कोणत्याही शहरात एप्रिल-मे महिन्यांत एखादा नाला वाहताना दिसला, तर ते पाणी पावसाचे नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही. विहिरींचे तळ उघडे पडलेले असतात, बोअर आटलेले असतात, नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येते आणि तरीही वस्तीमागचा नाला काळ्या पाण्याने संथपणे वाहत असतो. ते आपल्याच घरांतून बाहेर पडलेले सांडपाणी असते. छत्रपती संभाजीनगरची खाम, बीडची बिंदुसरा किंवा जालन्याची कुंडलिका या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. ज्या बंद नळातून ते पाणी प्रक्रिया केंद्रापर्यंत जायला हवे, तो नळ वाटेत कुठेतरी तुंबलेला, फुटलेला किंवा मुळात चुकीच्या जागी जोडलेला असतो, आणि तो दोष बहुतेक वेळा रस्त्यात आपण रोज ओलांडतो त्या लोखंडी किंवा सिमेंटच्या झाकणाखाली सापडतो.

बोलताना आपण सगळ्यालाच नाली किंवा ड्रेनेज म्हणतो. प्रत्यक्षात शहराखाली दोन वेगवेगळ्या व्यवस्था असाव्या लागतात. एक, संडास, न्हाणी आणि स्वयंपाकघर यांतील पाणी नेणारी बंद वाहिनी, जिला कागदोपत्री भुयारी गटार म्हणतात. दुसरी, रस्ते, छते आणि अंगणे यांवर पडलेले पावसाचे पाणी नदी-नाल्यापर्यंत नेणारी पावसाळी नाली. पहिलीचे पाणी प्रक्रिया केल्याशिवाय नदीत सोडायचे नसते, दुसरीचे पाणी थेट नदीत गेले तरी चालते, किंबहुना ते जायलाच हवे.

या दोन वाहिन्या वेगळ्या का ठेवायच्या, हे टँकरच्या हिशेबाने चटकन कळते, आणि टँकर हे माप आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर, वस्ती घ्या आणि तिच्यात २०० माणसे राहतात असे धरा. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरले जाते आणि त्यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानतात. हा हिशेब दिवसाला साधारण २१,६०० लिटर होतो, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. सकाळच्या गर्दीच्या वेळी प्रवाह सरासरीच्या तिप्पट झाला, तरी तो मिनिटाला ४५ लिटरच्या आसपास राहतो. आता त्याच हेक्टरवर तासाला ६० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडू लागला, तर दर मिनिटाला १० हजार लिटर पाणी पडते. सिमेंटचे रस्ते, फरशी घातलेली अंगणे आणि गच्च्या यांमुळे त्यातील ८० टक्के वाहून निघाले असे धरले, तरी मिनिटाला ८ हजार लिटर होतात. म्हणजे सांडपाण्याच्या भरीच्या प्रवाहाच्या पावणेदोनशे पटींहून अधिक. पंचेचाळीस लिटरसाठी घातलेल्या नळात आठ हजार लिटरांतील थोडासा भाग जरी शिरला, तरी तो नळ तुडुंब भरतो आणि आतील पाणी वरच्या झाकणांतून उसळून रस्त्यावर येते. पावसाळ्यात चेंबर उसळतात, त्यामागचे मुख्य कारण एवढेच आहे.

सांडपाण्याचा प्रवास घरातच सुरू होतो. न्हाणीतील जाळीखाली एक वाकडा तुकडा असतो, त्यात बोटभर पाणी कायम साचून राहते आणि तेवढ्या पाण्याच्या पडद्यामुळे वाहिनीतील वास व झुरळे घरात येत नाहीत. बरेच दिवस बंद असलेल्या घरात शिरताच दुर्गंधी येते, ती हे पाणी वाळून गेल्यामुळे. तांब्याभर पाणी ओतले की ती थांबते. घराबाहेर गली ट्रॅप, म्हणजे तसाच पाण्याचा पडदा धरून ठेवणारा दुसरा वाकडा तुकडा, आणि लहान तपासणी चेंबर, तेथून रस्त्यातील नळ, आणि त्या नळावर ठरावीक अंतराने माणूस उतरू शकेल एवढा मोठा खड्डा, म्हणजे मॅनहोल. आपण त्यालाही चेंबरच म्हणतो.

या चेंबरचे झाकण काढून वरूनच पाहिले, तर त्याची रचना मोठी विचारपूर्वक केलेली दिसते. वरचे तोंड अरुंद असते आणि खाली खड्डा रुंदावत जातो. तळ सपाट नसतो. येणाऱ्या नळाच्या तोंडापासून जाणाऱ्या नळाच्या तोंडापर्यंत अर्धगोल पन्हळ कोरलेली असते आणि तिच्या दोन्ही बाजूंचा सिमेंटचा काठ पन्हळीकडे उतरता केलेला असतो. पाणी वाढून काठावर आले तरी ओसरताना सगळे पुन्हा पन्हळीत घरंगळावे, मैला कोपऱ्यात साचून कुजू नये, यासाठी हा उतार असतो. मी पाहिलेल्या अनेक चेंबरांमध्ये ही पन्हळ केलेलीच नव्हती, नुसता सपाट कोबा होता. अशा तळावर पहिल्या दिवसापासून घाण साचते आणि मग दोष वापरणाऱ्यांना दिला जातो. गवंड्याचे दोन तासांचे काम वाचवले जाते आणि त्याची किंमत ती गल्ली पुढची तीस वर्षे मोजते.

चेंबर कुठे घ्यायचे याचेही नियम आहेत. नळ जिथे वळतो, त्याचा उतार किंवा व्यास जिथे बदलतो, दुसरा नळ जिथे येऊन मिळतो, तिथे चेंबर हवेच. सरळ मार्गावरही, ज्या लहान नळांत माणूस शिरू शकत नाही आणि जे हाताने साफ करायचे असतात, त्यांवर दोन चेंबरांमधील अंतर ३० मीटरपेक्षा अधिक नसावे असे धरतात, कारण बांबूच्या कामट्या किंवा सळया तेवढ्याच लांब आत घालता येतात. येणारा नळ पन्हळीपेक्षा बराच उंच असेल, फरक ६० सेंटिमीटरहून अधिक असेल, तर पाणी वरून धबधब्यासारखे पडू न देता एका उभ्या नळातून तळाशी उतरवतात, म्हणजे आतील भिंती झिजत नाहीत आणि घाण उडत नाही.

हे ३० मीटरचे अंतर दुरुस्तीच्या वेळी फार उपयोगी पडते. गल्ली तुंबली की एकामागून एक झाकणे उघडून पाहत जायचे. जे चेंबर काठोकाठ भरलेले आहे आणि ज्याच्या पुढचे कोरडे आहे, त्या दोघांच्या मधल्या नळात बोळा अडकलेला असतो. मग जेटिंग मशीनची नळी कोरड्या, म्हणजे खालच्या, चेंबरमधून उलट दिशेने वर सोडतात. तिच्या तोंडाला मागच्या बाजूने भोके असतात आणि त्यांतून जोराने सुटणाऱ्या पाण्याच्या धक्क्याने नळी स्वतःच पुढे सरकते. बोळा फुटला की ती मागे ओढताना घाण खालच्या चेंबरमध्ये येते आणि सक्शन मशीन ती वरूनच शोषून घेते. या सबंध कामात माणसाने आत उतरण्याची गरज पडत नाही.

जमिनीखालून उताराने पाणी न्यायचे आणि वाटेत ठरावीक अंतराने आत पोहोचण्याची सोय ठेवायची, ही कल्पना संभाजीनगरला परकी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर-ए-अंबरी बांधली, तेव्हा डोंगराकडचे पाणी भुयारी मार्गाने केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले आणि त्या मार्गावर उभी हवाद्वारे व कुंड ठेवले गेले. ती वाहिनी पिण्याच्या पाण्याची होती, ही गोष्ट वेगळी. पण उतार, गाळ आणि देखभालीसाठीचे तोंड या तीन गोष्टी सांभाळल्या तर पंपाशिवाय पाणी शतकानुशतके वाहते, याचा पुरावा या शहरातच आहे.

उताराबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण मराठवाड्याची खरी अडचण इथे आहे. सांडपाण्याचा नळ स्वतःला स्वतःच धुतो, पण त्यासाठी पाण्याचा वेग दिवसातून एकदा तरी सेकंदाला ०.६ मीटरच्या पुढे जावा लागतो. त्याहून कमी वेगाने वाळू आणि मैला तळाशी बसतात. घरगुती वस्तीतील १५० मिलिमीटरच्या नळाला त्यासाठी साधारण दीडशे ते दोनशे मीटरमागे एक मीटर उतार लागतो, आणि तेवढा दिला तरी नळात पुरेसे पाणी असेल तेव्हाच तो वेग मिळतो. आपल्याकडे घरातल्या नळाला रोज पाणी येत नाही. बाई भांड्यांचे पाणी कुंड्यांना घालते, कपड्यांचे शेवटचे पाणी संडासात ओतते, लादी पुसलेले पाणी अंगणात शिंपडते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरमध्ये तर प्रत्येक थेंब दोनदा वापरला गेला असेल. ही काटकसर योग्यच आहे आणि तिला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. मात्र तिचा एक परिणाम असा होतो की वाहिनीत पाणी थोडे आणि मैला घट्ट, अशी स्थिती दिवसेंदिवस राहते. माणशी १३५ लिटर धरून आखलेला नळ निम्म्याहून कमी पाण्यावर चालतो, तेव्हा तो तुंबणे हे ठरलेलेच असते. अशा शहरात वाहिनीच्या सुरुवातीच्या टोकाला अधूनमधून पाण्याचा लोंढा सोडून ती धुऊन काढण्याची सोय, आणि तीही प्रक्रिया केलेल्या पाण्याची, आराखड्यातच असायला हवी असे माझे ठाम मत आहे.

साचलेला मैला कुजू लागला की त्यातून वायू तयार होतात. त्यांतील हायड्रोजन सल्फाइड हा सर्वांत घातक आहे. तो हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्याच्या तळाशी साचून राहतो. थोड्या प्रमाणात त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, म्हणजे धोका वाढला की इशारा बंद होतो. पाचशे-सातशे भागांपर्यंत माणूस काही मिनिटांत कोसळतो आणि हजाराच्या पुढे एक-दोन श्वासांत. सोबत मिथेन असतो, जो ठिणगीने पेट घेतो, आणि प्राणवायू कमी झालेला असतो. चेंबरमध्ये एक माणूस पडला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, मग तिसरा. या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. काडी पेटवून किंवा कंदील सोडून आतील हवा तपासण्याची जुनी पद्धत हायड्रोजन सल्फाइड दाखवू शकत नाही आणि मिथेन असेल तर स्फोट घडवते.

हाताने मैला साफ करण्यास आणि सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी कुटुंबाला १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. खासगी सोसायटीची सेप्टिक टाकी असली तरी हा कायदा लागू होतो. ‘पाचशे रुपये घे आणि उतर’ असे म्हणणारा घरमालक गुन्हा करत असतो, हे प्रत्येक सोसायटीच्या सूचनाफलकावर लिहिले गेले पाहिजे.

हायड्रोजन सल्फाइडचा आणखी एक उद्योग आहे. तो सांडपाण्यातून सुटून नळातील हवेत मिसळला आणि ओल्या छतापर्यंत पोहोचला की तेथील जिवाणू त्याचे गंधकाम्ल बनवतात आणि ते आम्ल सिमेंट खाऊन टाकते. रस्ता अचानक खचतो, तेव्हा खालच्या नळाचे छत असे आतून पोखरले गेलेले असू शकते.

आता पावसाळी नालीकडे वळतो. रस्त्याच्या कडेला जी जाळी दिसते, तिच्याखाली एक चौकोनी खड्डा असतो. त्यातून बाहेर जाणारा नळ तळाशी न ठेवता मुद्दाम वर ठेवलेला असतो. म्हणजे पाणी आत पडते, नळाच्या पातळीपर्यंत भरते आणि मग पुढे जाते. दरम्यान वाळू, खडी, मुरूम तळाशी बसतो. हाच गाळखड्डा. काही ठिकाणी बाहेर जाणाऱ्या नळाच्या तोंडावर खाली वाकलेले टोपण असते, त्यामुळे वर तरंगणारे तेल, पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या खड्ड्यातच अडकून राहतात. जाळीच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या किंवा तिरप्या असाव्या लागतात, नाहीतर सायकलचे चाक त्यांत फसते.

गाळखड्डा हे साठवण्याचे भांडे आहे, आणि भरलेले भांडे रिकामे केले नाही तर ते काहीच साठवत नाही. निम्मा खड्डा भरला की पाण्याला थबकायला जागा उरत नाही, उलट नवीन पाण्याच्या जोराने जुना गाळही उसळून नळात जातो. म्हणून पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर पुन्हा तो उपसावा लागतो. उपसलेला गाळ जाळीच्या शेजारीच ढीग करून ठेवण्याची पद्धत मात्र सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते, अक्षरशः. पुढच्या पावसात तो ढीग जिथून निघाला तिथेच परत जातो. पाऊस थांबल्यावर साचून राहणाऱ्या पाण्यात डास होतात हा गाळखड्ड्याचा खरा दोष आहे, आणि जिथे नियमित उपसा होणार नाही तिथे तळाला पाझरण्यासाठी भोके ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

गाळखड्ड्याकडून काय होणार नाही, हेही सांगितले पाहिजे. वाळूचा कण हातभर खोल पाण्यात मिनिटभरात तळ गाठतो. आपल्या काळ्या मातीचा सूक्ष्म कण मात्र संथ पाण्यातही दिवसभर तरंगत राहतो, वाहत्या पाण्यात तर तो थांबणारच नाही. म्हणून उघड्या प्लॉटवरून वाहून येणारा काळा चिखल गाळखड्ड्याला न जुमानता पुढे जातो आणि नाल्याच्या संथ भागात थर धरतो.

काळी माती आणखी एका प्रकारे त्रास देते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात पुरलेला नळ दरवर्षी थोडा वर उचलला जातो, थोडा खाली बसतो. सांधे निखळतात, चेंबर एका बाजूला कलते आणि नळ जिथे चेंबरच्या भिंतीत शिरतो तिथे तडा जातो. अशा जमिनीत खोदाई करून काळी माती काढून टाकणे, मुरमाची गादी घालणे आणि चेंबरपाशी हलू शकणारा सांधा देणे आवश्यक असते.

झाकणाबद्दल थोडेसे. ते गोल असते, कारण गोल झाकण कसेही फिरवले तरी स्वतःच्या तोंडातून आत पडत नाही. सिमेंटच्या झाकणांवर भाराचे प्रकार कोरलेले असतात, अडीच टनांपासून पस्तीस टनांपर्यंत. पदपथासाठीचे हलके झाकण मुख्य रस्त्यावर बसवले की वाळूच्या पहिल्याच हायवाखाली ते फुटते.

आमच्या गल्लीत मागच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला जे घडले ते या सगळ्याच्या मुळाशी नेणारे होते. संध्याकाळी वीस मिनिटे जोराचा पाऊस झाला आणि कोपऱ्यावरचे ड्रेनेजचे झाकण खडखड वाजू लागले. आधी त्याच्या भोवती बुडबुडे आले, मग ते एका बाजूने उचलले गेले आणि काळे पाणी तळमजल्यावरच्या दोन घरांत शिरले. रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलेले पाहून शेजारचे काका पहार घेऊन निघाले आणि दुसरे झाकण उघडू लागले. ‘काका, राहू द्या, उघडू नका,’ असे ओरडत आम्ही दोघे-तिघे धावलो. त्यांचा हेतू चांगला होता. पाणी ओसरावे एवढेच त्यांना हवे होते. पण आधीच भरलेल्या वाहिनीत रस्त्याचे पाणी ओसरत नाही, आणि गढूळ पाण्याखाली उघडे तोंड कोणाला दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत एका नामवंत डॉक्टरांचा जीव अशाच उघड्या मॅनहोलने घेतला होता.

पाणी ओसरल्यावर आम्ही शोध सुरू केला. आमच्या इमारतीच्या गच्चीचे पाणी उतरवणारा नळ जमिनीत शिरताना दिसत होता, पण पुढे कुठे जातो हे कोणालाही ठाऊक नव्हते. एका मिस्त्रींनी साधा उपाय सांगितला. गच्चीच्या तोंडातून दोन बादल्या नीळ घातलेले पाणी सोडायचे आणि खाली ड्रेनेजचे चेंबर उघडून कडेला उभे राहायचे. मिनिटभरात पन्हळीतून निळे पाणी वाहत आले. बांधणाऱ्याने पावसाळी नालीपर्यंतचा नळ वाचवण्यासाठी गच्चीचे पाणी थेट सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सोडले होते. दुसऱ्या दिवशी गल्लीतील अकरा घरांत हीच परीक्षा केली, तेव्हा सात घरांतून निळे पाणी आले.

गच्चीचे पाणी तोडून बाहेर काढले की ते कुठे न्यायचे हा प्रश्न उरतो, आणि मराठवाड्यात त्याचे पहिले उत्तर नाली हे नसावे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत या विभागात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो आणि त्यातील मोठा वाटा मोजक्या दिवसांत येतो. शंभर चौरस मीटर गच्चीवर सातशे मिलिमीटर पाऊस म्हणजे सत्तर हजार लिटर, सात टँकर. सुरुवातीच्या पावसाचे धुळकट पाणी बाजूला सोडून, मधे लहान गाळखड्डा ठेवून, उरलेले पाणी बोअरच्या भोवतीच्या पुनर्भरण खड्ड्यात सोडता येते. मात्र खड्डा काळ्या मातीच्या थराखाली मुरमापर्यंत गेलेला हवा, नाहीतर तो भरून तसाच उभा राहतो. न्हाणी-मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा हा वेगळा प्रकार आहे. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघड्या नाल्या आणि डास दोन्ही हटवले, तेव्हापासून ही पद्धत ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखली जाते. संडासाचे पाणी मात्र शोषखड्ड्यात कधीही सोडू नये. शेजारच्या बोअरला ते पोहोचायला वेळ लागत नाही.

आमच्या सात घरांपैकी पाच घरांनी गच्चीचे नळ तोडून पुनर्भरण खड्ड्याकडे वळवले आहेत. उरलेल्या दोघांचे खोदकाम मृगाच्या आधी व्हायचे आहे, आणि कोपऱ्यावरच्या त्या चेंबरच्या तळाला या वेळी पन्हळ करून घेतली आहे.